मधल्या विमानतळावरचं दार

लाल दोरा. तीन वेढे, वर एक घट्ट गाठ.

*

नळाला तोटी नाही. खाली हात धरला की पाणी येतं, काढला की थांबतं. शिरपूरकडच्या निंबा भामरेंनी त्या दिवशी अकरा वेळा हात धुतले.

*

भुसावळ स्टेशन, प्लॅटफॉर्म तीन. अकरा माणसं एका कापडी पिशवीत विड्यांची बंडलं आणि तंबाखूच्या पुड्या टाकतात. पिशवी धरणारा बारावा. फोटो निघतो. फोटोत सगळे हसताहेत.

*

भिंतीला टेकून उभा ठेवलेला झाडू.

*

ताईबाई पाटील मंगळवारी दुपारी चारला वारल्या. त्यांचा थोरला मुलगा हिलाल तेव्हा परक्या देशात एका निळ्या बाकावर बसून होता. त्याच्या मोज्यात सतरा विड्या होत्या.

*

"तायडे नाना, दार उघडा!"

सकाळचे सात वाजले होते. बुधवार. बोदवड स्टेशनच्या मागच्या गल्लीत रुपचंद तायडे दाढीला साबण लावून बसले होते. तशाच तोंडानं त्यांनी कडी काढली.

दारात हिलालची बायको उभी होती. पुष्पाबाई. गावाहून चालत आलेली, चपला हातात.

रुपचंद अठ्ठावीस वर्षं भुसावळ जंक्शनच्या चौकशीच्या खिडकीवर होते. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी पंचक्रोशीत कोणाची पेटी हरवली, कोणाचा म्हातारा चुकीच्या गाडीत बसला, की लोक त्यांच्याकडेच येत.

"नाना, आज नववा दिवस. शनिवारी बारावा, सासूबाईंचं गंधमुक्त. हे घरातच येत नाहीत."

"कुठं आहे हिलाल?"

"केळीत. मोटरीच्या खोलीत झोपतात. भाकरी नेली तर म्हणतात, ठेव आणि जा."

"भिकन काय म्हणतो?"

भिकन हिलालचा धाकटा भाऊ. आईला अग्नी त्यानं दिला होता.

"भाऊजी म्हणतात, विडीपायी ज्यानं माय सोडली त्यानं तिच्या फोटोसमोर बसू नये. गावही तेच म्हणतं. आणि नाना, हेसुद्धा तेच म्हणतात." पुष्पाबाईंनी पदर तोंडाशी धरला. "मला एवढंच शोधून द्या. खरंच विडीपायी सुटलं का विमान? तसं असेल तर मी गप बसेन. पण एकदा नक्की कळू द्या."

रुपचंदनी तोंडावरचा वाळलेला साबण पुसला. "शनिवारपर्यंत सांगतो."

*

सगळ्या तालुक्याला माहीत असलेली हकीकत अशी होती.

नोव्हेंबर १९९४. केळी बागायतदारांच्या एका संघानं अकरा शेतकरी इस्रायलला ठिबक सिंचन बघायला नेले. बारावे संघाचे अध्यक्ष, जळगावचे केळीचे व्यापारी उत्तमचंद शेठ. वय बासष्ट. त्यांची दुसरी ओळख व्यसनमुक्ती मंडळ. शेठनी हात जोडून सांगितलं म्हणून जिल्ह्यात कितीतरी माणसांनी विडी सोडली होती. दौऱ्याआधीही त्यांनी सगळ्यांना शपथ घातली: पंधरा दिवस विडी नाही, तंबाखू नाही.

परतीच्या वाटेवर, रविवारी, विमान बदलायला सात तास थांबायचं होतं. त्या जागेचं नाव कोणालाच नीट उच्चारता येत नव्हतं. सगळे नुसतं 'मधलं विमानतळ' म्हणत.

मधल्या विमानतळावरून अकराच जण निघाले. हिलाल राहिला. पुढचं विमान तीन दिवसांनी. सोमवारी संध्याकाळी घरी पोचणारा माणूस गुरुवारी पोचला. तोवर माय गेली होती.

*

मोटरीच्या खोलीत डिझेलचा आणि ओल्या पोत्यांचा वास होता. हिलाल स्टार्टरच्या पेटीखाली बसला होता. बेचाळीस वर्षांचा माणूस, शिक्षा झालेल्या मुलासारखा भिंतीकडे तोंड करून.

"विमान कसं चुकलं?"

"विडी पीत होतो."

"कुठं?"

"बाहेर."

"नीट सांग. माझ्या खिडकीवर कोणी असं तुटक बोललं की मी पुढच्याला बोलवायचो."

हिलालनं सांगितलं. आधी संडासात प्रयत्न केला. काडी ओढताच छतावर लाल दिवा लुकलुकला. घाबरून विडी भांड्यात टाकली. मग एक झाडूवाला भेटला, केरळचा, मोडकं हिंदी बोलणारा. त्यानं न विचारताच ओळखलं. आडबाजूच्या बोळात एक लोखंडी दार दाखवलं. बाहेर छोटी गच्ची, बादल्या ठेवायची. दार आतून ढकललं की उघडतं. बाहेरून मूठच नाही. म्हणून झाडूवाल्यानं फटीत झाडू अडकवला. म्हणाला, हा काढायचा नाही, काढला की संपलं.

"मग?"

"मग दार लागलं."

"झाडू निसटला?"

"लागलं, नाना. मी पाठ करून उभा होतो."

"कोणाकडे पाठ करून?"

हिलाल पोत्याची सुतळी उसवू लागला. "वाऱ्याकडे."

"सुटलास कसा?"

"दीड तास दार बडवलं. थंडीनं बोटं लाकडाची झाली. शेवटी झाडूवालाच परत आला. मलाच शिव्या. म्हणे, झाडू इथं आत भिंतीला टेकून उभा हाये, मग तू बाहेर काय करतो?"

रुपचंदनी वहीत एक ओळ लिहिली.

"लिहू नका, नाना. माही चूक हाये. विडी नसती तर मी गेटावर असतो. बास."

हे खोटं नव्हतं. पण गाडी चुकलेली हजारो माणसं रुपचंदनी पाहिली होती. प्रत्येकजण कोणाला तरी शिव्या देतो. टांगेवाल्याला, बायकोला, स्टेशनच्या घड्याळाला. सगळा दोष स्वतःकडे ओढणारा आणि वर लिहू नका म्हणणारा पहिलाच.

*

गुरुवार. सावदा.

सुकदेव महाजन संघाचे चिटणीस. बोलायला लागले की थांबत नसत. दौऱ्याची वही त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून काढली.

"हजेरी घेतली होती?"

"घेतली म्हणजे काय! रोज घेत होतो. हे पाहा मधलं विमानतळ. बारा नावं, बारा टिका."

"हिलालच्या नावापुढेही टीक आहे."

"आं?"

"तो तर दाराबाहेर अडकला होता."

"मग कोणीतरी हजर म्हणालं असेल. गर्दी काय कमी होती?"

रुपचंदनी मागची पानं चाळली. इतर दिवशीच्या टिका वेड्यावाकड्या होत्या. कुठे पेन उमटलं नव्हतं, कुठे नावावरच रेघ गेली होती. मधल्या विमानतळाच्या पानावर मात्र बारा टिका पेरणीच्या तासासारख्या सरळ होत्या.

"सुकदेवभाऊ, ही उभ्यानं घेतलेली हजेरी नाही. बसून, टेबलावर केलेली आहे."

सुकदेवनी आधी स्वयंपाकघराकडे पाहिलं, मग दार लोटलं.

"हळू बोला, नाना. घरात वाटतं की मी सोडली."

"कुठं होता तुम्ही?"

"संडासात. पाय वर घेऊन बसलो होतो भांड्यावर, खालून बूट दिसू नयेत म्हणून. निम्मी विडी ओढली, निम्मी भिऊन विझवली. चव घ्यायला म्हणून नुसती तोंडात धरून बसलो. तोवर वेळ झाली. धावत गेटावर आलो तर सगळे आत चाललेले. शेठ दाराशी उभे. म्हणाले, बारा झाले, चल. मग टिका विमानात केल्या."

"म्हणजे मोजले शेठनी."

"शेठनी मोजले म्हणजे झालं ना! हो का नाही?"

"हिलाल नाही हे कधी कळलं?"

"मुंबईत, सामान घेताना. शेठच म्हणाले, अरे, हिलाल कुठाय? मग म्हणाले, विडीपायी राहिला असेल मागं. शपथ मोडली की असंच व्हायचं."

"आणि गावात कोणी सांगितलं?"

सुकदेवचा आवाज प्रथमच खाली आला. "मीच. सोमवारी संध्याकाळी. भिकनला. ज्या तोंडानं विडी ओढली त्याच तोंडानं सांगितलं, तुझा भाऊ विडीपायी राहिला."

*

रुपचंदच्या वहीतलं पान. मथळा: जागा. सावदा, फैजपूर, यावल. गुरुवारी दिवसभर फिरून, प्रत्येकाला एकट्याला गाठून लिहिलेलं.

संडास, डावीकडून तिसरा. सुकदेव. पाय वर.

संडास, डावीकडून पहिला. यावलचे एकजण. फ्लश सोडत सोडत ओढली, म्हणजे आवाजात वास ऐकू येणार नाही, असं ते म्हणाले. म्हणून झाल्यावर स्वतःच गप्प झाले.

बंद दुकानाचं शटर आणि कुंडी यांच्यामधली जागा. फैजपूरचे दोघे. एकमेकांना माहीत नव्हतं. कुंडीच्या दोन बाजूंना दोघे उकिडवे बसले होते. उठले तेव्हा समोरासमोर आले. "काय, चप्पल शोधता का?" "हो. तुम्ही?" "मीही."

फिरता जिना संपतो तिथला कोपरा. एका म्हाताऱ्या गोऱ्या बाईनं पाहिलं. ती हसली आणि बोटानं वरचा मजला दाखवू लागली. पोलिसाला बोलावते असं वाटून विडी तशीच खिशात कोंबली. कोटाला भोक. बायकोला सांगितलं, इस्रायलमध्ये तारेला अडकला.

सुकदेवनी जाता जाता सांगितलेलं: विमानतळभर सिगारेटवर लाल काट मारलेल्या पाट्या. एका पाटीवर काट नव्हती. रंग उडाला असेल.

उरलेल्या चौघांच्या जागा पानाच्या मागच्या बाजूला. तळाशी, अधोरेखित: हिलाल सोडून अकरातले नऊ. कोणीही कोणाला सांगितलेलं नाही.

*

शुक्रवार. एसटीनं धुळे.

निंबा भामरे बाजार समितीत आले होते. निंबा निम्मं अहिराणीत, निम्मं शाळेतल्या मराठीत बोलत.

"मी कोठेच गऊ नही, नाना. बठ्ठं सामान मनाजोडे व्हतं. तठेच बसेल व्हतू."

"सगळं सामान तुमच्याजवळ, ते ठीक. हात किती वेळा धुतले?"

निंबांनी तळहात पाहिले. पिवळे. हसले आणि हसू तिथंच विरलं. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुमच्या मागं नळावर रांग लावून उभे असलेल्यांनी."

"तंबाखू, नाना. विडी नाही, धूर नाही. थुंकायला जागा नाही म्हणून गिळली. मग उलटी." त्यांनी हात धोतराला पुसले. "सामानाची गाडी संडासाच्या दारातच लावत होतो. नजर होती."

"सामानात शेठची पिशवी होती?"

"होती ना. शेठ जैन, ध्यानाला बसतात ना, त्या सामायिकाचं आसन, पोथी, सगळं तिच्यात. शेठ तीनदा सामायिकाला गेले. म्हणाले, वर शांत जागा आहे."

"पिशवी घेऊन?"

"नही ना. पिशवी मनाजोडेच."

"किती वेळात यायचे?"

"इतक्यात येऊन जायचे. चहा गार व्हायच्या आत. लवंग चघळत."

"गेटावर काय झालं?"

"मी सामान घेऊन पहिला. एक बाई कागद घेऊन शेठकडे आली. इंग्रजी शेठनाच येतं. ती काही विचारत होती, शेठ 'नो, नो' म्हणत होते. तिनं कागदावर काट मारली."

"विमानात शेठच्या शेजारी कोण होतं?"

"हिलाल. म्हणजे असायचा होता. सीट रिकामीच. शेठनी तिच्यावर पिशवी ठेवली न् पट्टा बांधून टाकला पिशवीला. मी विचारलं, हिलाल? तर म्हणाले, मागच्या रांगांत सिगारेट चालते, तिकडं धूर काढत बसला असेल. आम्ही हसलो." निंबा हसले नाहीत. "मागं जाऊन पाहिलं असतं तर?"

"काय झालं असतं?"

"काही नाही, विमान उडालेलं होतं. पण पाहायला हवं होतं. नाही पाहिलं, कारण मागं गेलो असतो तर वास घ्यायला गेला असं वाटलं असतं सगळ्यांना."

*

शुक्रवारी दुपारी जळगाव. शेठ वखारीवर होते. रुपचंद मुद्दाम घरी गेले.

शेठच्या पत्नी चंदनबाईंनी ओसरीवर पाणी दिलं. बारीक, ताठ बाई. रुपचंदना त्या नावानं ओळखत होत्या. कोणे एके काळी त्यांच्या माहेरची गाडी रुपचंदनी शोधून दिली होती.

"भाभी, निंबा भामरेंना काळजी लागली आहे. शेठजींच्या पिशवीतलं आसन प्रवासात खराब तर नाही झालं? तीन वेळा विमानतळावर उघडलं म्हणे."

"आणते ना. परत आल्यापासून कपाटातच आहे. ते म्हणाले, धुवायला नको."

त्या आसन घेऊन आल्या. पांढरं लोकरीचं, नीट गुंडाळलेलं, वर लाल दोरा. सोडायला म्हणून त्यांनी गाठीला हात लावला आणि हात तसाच राहिला.

"भाभी?"

"ही माझी गाठ आहे."

रुपचंद पुढे वाकून गाठ पाहू लागले.

"मी डावरी आहे. माझी गाठ उलटी पडते. त्यांना अशी बांधताच येत नाही." दोऱ्याचे तीन वेढे त्यांनी बोटानं मोजले. "जाताना मी बांधली होती. पंधरा दिवस."

"सामायिक किती वेळाचं असतं?"

"अठ्ठेचाळीस मिनिटं. एकदा बसलं की मधे उठत नाहीत. आजारी माणूसही उठत नाही." त्या आसन मांडीवर घेऊन बसल्या. "लवंगा मीच भरते त्यांच्या खिशात. मला माहीत नाही असं त्यांना वाटतं. तीस वर्षं मी ते तसंच वाटू दिलं. पण सामायिकाचं नाव सांगून?"

गाठ न सोडता त्यांनी विचारलं, "तायडेजी, यानं कोणाचं काही वाईट झालं का?"

"उद्या ताईबाईंचं गंधमुक्त आहे. शेठजींना घेऊन या."

*

शनिवार. हिलालच्या अंगणात मांडव. ताईबाईंचा फोटो पाटावर. दौऱ्यातले सगळे आले होते. शेठ आले, कारण चंदनबाई आधीच गाडीत जाऊन बसल्या होत्या.

भिकन फोटोजवळ. हिलाल कुंपणापलीकडे, केळीच्या पहिल्या ओळीत, उभा.

रुपचंदनी मोजक्या माणसांना गोठ्यात बोलावलं. भिकन, पुष्पाबाई, सुकदेव, निंबा, शेठ आणि चंदनबाई. हिलालला हाताला धरून आणलं.

"पुष्पा, तू विचारलं होतंस, विमान विडीपायी सुटलं का. ऐक. दौऱ्यातल्या अकरांपैकी नऊजणांनी त्या दिवशी धूर काढला. निंबाभाऊंनी गिळली. त्यांचं कोणाचं विमान सुटलं नाही. विडीनं विमान सुटत नाही. दार लागल्यानं सुटलं."

सुकदेव आणि निंबा जमिनीकडे पाहत होते.

"दार लागलं, कारण फटीतला झाडू निघाला. वाऱ्यानं निसटता तर जमिनीवर आडवा पडता. झाडूवाल्याला तो आतल्या बाजूला भिंतीला टेकून उभा दिसला. म्हणजे आत कोणीतरी होतं. त्यानं झाडू काढला, नीट उभा केला आणि दार लावलं."

भिकननं मान वर केली.

"कोण? हिलाल सांगेना. म्हणाला, पाठ करून उभा होतो. वाऱ्याकडे. थंडीत वाऱ्याकडे पाठ कोणीही करतो, पण मग तोंड दाराकडे येतं आणि आतून आलेला माणूस त्याला तोंडासमोर दिसायला हवा. दिसला. दिसला म्हणूनच त्यानं पाठ फिरवली. आपल्याकडे माणूस विडी ओढताना कोणासमोर पाठ फिरवतो?"

गोठ्यातला प्रत्येकजण आपल्या बापासमोर, आबासमोर, काकासमोर पाठ फिरवत मोठा झाला होता. विडी मुठीत लपवायची, तोंड भिंतीकडे करायचं, मोठा माणूस जाईपर्यंत श्वास धरायचा.

"दौऱ्यातले बाकी सगळे याच्या बरोबरीचे. पाठ फिरवावी असा एकच माणूस होता."

शेठ गव्हाणीला टेकले होते. रुपचंद त्यांच्याकडे न पाहता बोलत राहिले.

"तरी मी म्हटलं, नसेल. मग उलटं निघालो, हरवलेल्या पार्सलचा माग काढतात तसं. विडीपायी राहिला, हे पुष्पाला कोणी सांगितलं? भिकननं. भिकनला? सुकदेवनी. सुकदेवना? शेठनी, सोमवारी सकाळी, मुंबईत. हिलालचा शब्द गुरुवारी आला. मग सोमवारी शेठना कसं कळलं की तो विडी ओढत होता? भुसावळला जमा केलेल्या बंडलांच्या पिशवीत तर त्याचंही बंडल गेलं होतं."

"अंदाजानं म्हणालो असेन," शेठ म्हणाले.

"असाल. मग गेटावर अकरा माणसं मोजून बारा कसे म्हणालात? हिशेब तुमचा कधी चुकत नाही. विमानतळाची बाई बारावा येतोय का विचारायला आली तेव्हा तुम्ही 'नो' म्हणालात. शेजारची सीट उडायच्या आधीच पट्टा बांधून बंद केलीत. निंबाला सांगितलंत, मागं बसलाय. सुकदेवला मुंबईत सांगितलंत, तिकडेच राहिला. दोन्ही खरं कसं असेल, शेठ?"

"मी सामायिकाला गेलो होतो. वर."

चंदनबाईंनी पिशवीतून आसन काढलं आणि गव्हाणीवर ठेवलं. लाल दोरा, तीन वेढे, उलटी गाठ.

शेठनी ते पाहिलं. मग ते पेंढ्याच्या भाऱ्यावर बसले.

"शेठजींना काही करू नका, नाना," हिलाल एकदम बोलला. "मी काही पाह्यलं नाही. मी पाठ केली होती."

"काय पाहिलं नाहीस?"

हिलालच्या डोळ्यांत पाणी आलं. "त्यांच्या ओठात सिगारेट होती. पेटवायची होती अजून. मी लाजलो. पाठ फिरवली. म्हटलं, ते जातील न् मग मी वळेन. ते गेले. मी वळलो."

"दार लागलेलं," रुपचंद म्हणाले.

"मी बाहेर कोणाला सांगितलं असतं तर त्यांचं काय राह्यलं असतं? माह्या बापाला त्यांनी विडी सोडायला लावली होती. बाप दहा वर्षं जास्त जगला."



"मला वाटलं," शेठ म्हणाले, "विमानात त्याच्या शेजारी सात तास बसायचंय. तो काही बोलणार नाही. ते ठाऊक होतं. तो बोलला नसता म्हणूनच मला बसवलं नसतं." त्यांनी हात पुढे धरले, जणू त्यात काही होतं. "झाडू का काढला ते मला सांगता येत नाही. पडू नये म्हणून भिंतीला लावला, एवढं आठवतं. मागून दार वाजत होतं. मी पावलं मोजत गेलो. सात मोजली. मग आवाज येईना. वाटलं, रात्रीच्या विमानानं येईल. ताईबाई आजारी आहेत हे मला ठाऊक नव्हतं."

"कोणालाच नव्हतं," पुष्पाबाई म्हणाल्या. "सोमवारी दुपारी पडल्या."

भिकन भिंतीला धरून उभा होता. हिलालनं त्याला विचारलं, "मायला सांगितलं होतं का तू?"

"काय?"

"मी विडीपायी राह्यलो म्हणून."

भिकननं होकारार्थी मान हलवली. खूप हळू.

"काय म्हणाली?"

"काही नाही. कूस बदलली."

हिलाल खाली बसला. भिकनही त्याच्याशेजारी बसला, पेंढ्यात, नव्या धोतरासकट. दोघंही एकमेकांकडे पाहत नव्हते. मग भिकननं भावाचं मनगट धरलं. "ऊठ. तिच्यासमोर तू बसायचं. मी बसलो तर तोंड कुठं घालू?"

बाहेरून कोणीतरी हाक मारली, वेळ झाली म्हणून.

शेठ उठले. "मला मांडवात सांगू द्या. सगळ्यांसमोर."

"नको, शेठजी," हिलाल म्हणाला.

"बोला तुम्ही," चंदनबाई म्हणाल्या.

शेठ मांडवात गेले. दीडशे माणसं होती. त्यातल्या कितीतरी जणांनी त्यांच्या शब्दावर विडी सोडली होती. शेठनी हात जोडले आणि सांगितलं. गोठ्यात सांगितलं तसंच, झाडूसकट. कोणी शिवी दिली नाही, कोणी उठलं नाही. लोक आपापल्या पायांकडे पाहत राहिले. सुकदेवनी दौऱ्याची वही काढली, हिलालच्या नावापुढची टीक खोडली. मग पेन पुढच्या माणसाला दिलं, का ते त्यांनाही कळलं नसावं.

हिलाल पाटावर बसला. मायच्या फोटोला त्यानं गंध लावलं. पुष्पाबाईंनी दुरून रुपचंदना पाहिलं आणि पदर सारखा केला.

मांडवातून रुपचंद एकटेच निघाले. स्टेशनपर्यंतची वाट तासाभराची. खिशात हात गेला. बंडल होतं. रस्त्यावर मागेपुढे कोणी नव्हतं, तरी त्यांनी बाभळीच्या आडोशाला जाऊन, पाठ करूनच काडी ओढली.

मधल्या विमानतळावर, वरच्या मजल्यावर, सिगारेट ओढायची एक खोली होती. तिच्यात बारा खुर्च्या होत्या.